शब्दचर्चा: 'घर' म्हणजे पटावरचं की विटांचं?

मोनोपॉलीचा (जागा विकत घ्यायच्या, भाडं वसूल करायचं, तो पटावरचा खेळ) सिम्युलेटर, म्हणजे तो खेळ खेळवणारा प्रोग्राम लिहितोय, टर्मिनलवर चालणारा, म्हणजे ग्राफिक्स वगैरे काही नाही, कमांड टाइप करायची आणि मेसेज वाचायचा. मेसेज मराठीतच ठेवायचेत, पण 'घर' शब्दावर गाडी अडलीय. पटावर 40 घरं आणि बँकेकडे बांधायला 32 घरं. "3 घरं पुढे गेलात" आणि खालच्याच ओळीत "3 घरं बांधलीत". "या घरावर एकही घर नाही" हे तर कोणाला समजणार? शिवाय टर्नला डाव म्हणू की पाळी की खेळी?

----

पटावरचं घर हाच तसा जुना अर्थ, बुद्धिबळात 64 घरं, सारीपाटातही घरंच, त्यामुळे तो सोडायला जिवावर येतं खरं. पण इथे विटांच्या घराला हात लावू नका. 32 घरं संपली की बँक देऊच शकत नाही, आणि मुरलेले खेळाडू मुद्दाम हॉटेल न घेता चार-चार घरं अडवून बसतात, म्हणजे 'बँकेत घरं शिल्लक नाहीत' हा मेसेज हमखास लागणार. पटावरच्याला सरळ चौकोन म्हणा.

----

'खाना' का नको?

----

नको, जेवण आठवतं :) खरं तर नामच गाळा ना. "दान पडलं 7. रीडिंग रेलरोडवरून इलेक्ट्रिक कंपनीवर." पटावरच्या दोन जागांची नावं, एवढं पुरे, मधले चौकोन कोण मोजतंय? आणि 'दान' नक्की ठेवा, फाशांसाठी इतका नेमका शब्द असताना 'रोल' कशाला.

डावाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. "डाव संपला" म्हणजे तुमची वेळ संपली की अख्खा खेळच संपला? सिम्युलेटर आहे म्हणजे पुढेमागे तुम्ही हजार डाव आपोआप खेळवून बघणार, तुरुंगातून सुटल्यावर सोंगट्या कुठे जास्त पडतात वगैरे, तेव्हा डाव म्हणजे पूर्ण खेळ एवढाच अर्थ हवा. पाळी म्हणजे टर्न. खेळी म्हणजे पाळीतली एकेक कृती: दान टाकलं, जागा घेतली, गहाण ठेवली. दोन्ही फासे सारखे पडले की पुन्हा दान, पण पाळी तीच, आणि तिसऱ्यांदा सारखे पडले की तुरुंग. कोडमध्येही हेच तीन थर वेगळे ठेवलेत तर बरंच डोकं वाचेल.

----

गहाणाचं बरोबर, तारण वगैरे नको. गहाण ठेवली की छापील किमतीच्या निम्मे मिळतात, सोडवताना तेवढे अधिक 10 टक्के व्याज. म्हणून कमांड पण 'गहाण' आणि 'सोडव', 'गहाण रद्द' असलं सरकारी काही नको.

अजून एक, खेळाडू बाई की पुरुष हे प्रोग्रामला माहीत नसतं, मग 'गेला/गेली' असं तिरक्या रेघेचं लिहावं लागतं आणि ते भिकार दिसतं. "क्ष ने जागा घेतली", "क्ष ने भाडं भरलं" इथे क्रियापद जागेच्या आणि भाड्याच्या मागे जातं, प्रश्नच मिटला. अडतं ते जाण्या-येण्यात. तिथे "क्ष ची रवानगी तुरुंगात" असं फिरवून घ्या.

----

मस्त! मग तुरुंगाच्या चौकोनावर नुसतं पोचलेल्याचं काय? चौकोन एकच, पण एक कैदी आणि दुसरा पाहुणा. "क्ष तुरुंगात आहे" दोघांनाही लागू पडतंय.

----

कोडमध्ये जागा एक आणि 'कैदेत आहे का' ही खूण वेगळी ठेवा. मेसेजमध्ये एकाला "कैदेत", दुसऱ्याला "भेटीला". 50 भरून सुटका फक्त पहिल्यालाच विचारायची.

आणि पट छापताना रकाने जुळवायला अक्षरांची लांबी मोजू नका, 'सोंगटी' दिसते तीन अक्षरी पण नेहमीच्या मोजणीत काना-मात्रा, अनुस्वार वेगळे धरले जाऊन सहा येतात, सगळ्या उभ्या रेघा वाकड्या होतील.