वाइनरीतल्या पोरांना 'अ‍ॅक्सेंट'चा क्लास कशाला?

द्राक्षवेल
गंगापूर धरणाकडच्या एका वाइनरीत पाहुण्यांना फिरवणाऱ्या पोरांची टीम मी सांभाळते. वरून फर्मान आलंय: सगळ्यांनी 'न्यूट्रल अ‍ॅक्सेंट'चा क्लास लावायचा, निम्मी फी पगारातून कापणार. निमित्त काय, तर एका परदेशी पाहुण्याने लिहिलं की गाईड 'व्हाइन' म्हणजे वेलाबद्दल बोलतोय की वाइनबद्दल, पत्ता लागत नाही.

पोरं दिंडोरी-निफाडची. छाटणी कधी, ब्रिक्स (रसातली साखर) किती, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून सांगतील. १९९५ मध्ये मनरो आणि डर्विंग या संशोधकांनी मँडरिनभाषकांचं इंग्रजी मूळ इंग्रजीभाषकांना ऐकवून, ऐकलं ते लिहायला सांगितलं. 'हेल फार जाणवतो' असा शेरा मिळालेली कितीतरी वाक्यं शब्दन्‌शब्द बरोबर उतरली होती. मग पगाराला कात्री का?

सातपूरकर
ताई, त्याच अभ्यासात आणखी एक माप होतं: समजायला कष्ट किती पडले? ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. शिवाय तिथे वाक्यं टेपवर होती. तुमच्याकडे शनिवारी मुंबईची झुंबड, ग्लासांचा खणखणाट. पाहुणा पैसे मोजून येतो, कोडी सोडवायला नाही. क्लास लावाच.

कानसेन
क्लास लावा, पण कसला? तोंडाआधी कान. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट मधला फरक कळतो. वर्षाची होईतो बहुतेकांचा हा कान बोथट होतो. पण कायमचा बंद होत नाही! जपानी लोकांना इंग्रजी र-ल वेगळे ऐकू येईनात, तेव्हा १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी अनेक जणांच्या आवाजातल्या शब्दजोड्या ऐकवल्या. दर वेळी चूक की बरोबर लगेच सांगायचं. कान सुधारला. १९९३ मध्ये एकाच माणसाच्या आवाजावर शिकवून पाहिलं, तर नवा आवाज आला की गाडी अडली. १९९७ च्या प्रयोगात तर नुसतं ऐकून उच्चारही सुधारले.

व्ह आणि व वेगळे धरायची आपल्याला अर्धी सवय आहेच. व्हॅन आणि वॉच आपण वेगळं लिहितो. फक्त व्ह म्हणताना आपण हवा सोडतो, तिथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून घासायचं. 'वाइन'ला दातांचं काम नाही, ओठांचा चंबू.

द्राक्षवेल
हे पटलं. पण या क्लासात एक सर म्हणतात आणि वीस पोरं मागून घोकतात. म्हणजे तुमच्याच हिशेबाने वाया!

कानसेन
वायाच. चार-पाच ओळखीच्यांचे आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं ऐकवा. फुकटात होईल.

बागलाणी
मी सटाण्याचा. नाशिकला कॉलेजात आलो तेव्हा डोळ्याला 'डोया' म्हटलं की अख्खी बेंच खिदळायची. ळ शिकलो, पण टिंगल करणाऱ्यांनी अहिराणीचा एक शब्द शिकला नाही. ओझं नेहमी बोलणाऱ्यानेच का वाहायचं? २००४ मध्ये क्लार्क आणि गॅरेट यांना आढळलं की अनोळखी हेलाला ऐकणारे मिनिटभरात सरावतात. पाहुण्यालाही कान आहेत ना?

सातपूरकर
आहेत हो, आणि रिव्ह्यू लिहायला बोटंही आहेत. धंदा त्यावर चालतो. कॉलेजातली टिंगल वाईटच, पण तो वेगळा विषय.

बागलाणी
वेगळा कसा? तिथे पोरं हसायची, इथे पगार कापतायत.

द्राक्षवेल
सातपूरकर, रिव्ह्यूची काळजी मालकाला असेल तर फी मालकाने भरावी. सोमवारी मीटिंगमध्ये हेच मांडणार आहे. रेकॉर्डिंगला आवाज द्यायला कोण तयार आहे ते सांगा. बायकांचे दोन तरी हवेत.