मदत हवी आहे : पहिली आरसी क्रॉलर गाडी जोडली, अंगणात झकास चालते, दगडावर चढेना

लेथवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी.

उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं नट-बोल्ट, आटे, बेअरिंग यांची भीती नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र शून्य. लाल वायर प्लस, काळी मायनस, इथं माझं शिक्षण संपतं. त्यामुळं समजावताना जरा सोप्यात सांगा.

दिवाळीपासून रॉक क्रॉलरचं खूळ डोक्यात शिरलंय. म्हणजे रिमोटची गाडी, पण पळवायची नाही, दगडधोंड्यांवरून गोगलगायीच्या चालीनं चढवायची. सुरुवातीला ट्रॅक्सस टीआरएक्स-४ घ्यायची होती. तिच्या पोर्टल ॲक्सलवर जीव जडला होता. चाकाच्या हबमध्येच गिअरची जोडी असते, त्यामुळं ॲक्सलची नळी वर राहते आणि दगडाला घासत नाही. किंमत बघितली आणि गप बसलो. मग सुटे भाग गोळा करून स्वतःच जोडायचं ठरवलं.

आता गाडीत काय काय आहे ते सांगतो. एससीएक्स१० या क्रॉलरच्या धर्तीची बिनानावाची लोखंडी चासी, व्हीलबेस ३१३ मिमी. साधी ॲक्सल, पुढची-मागची दोन्ही डिफरन्शियल कायमची लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. ५४० साइजची ३५ टर्नची (आतल्या तारेचे वेढे) ब्रश मोटर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) ६० अँपिअरचा, दुकानदारानं 'गाडीचा' म्हणून दिलेला. सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) २५ किलो जोराचा, मेटल गिअर. बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियमची). चाकं १.९ इंची, बीडलॉक (टायर रिमला स्क्रूनं आवळलेला). वर कडक प्लॅस्टिकची जीपसारखी बॉडी. सगळं मिळून १९ हजारांच्या आसपास गेले. घरी आकडा वेगळा सांगितलाय.

बॉडीवर एक सामानाचं कॅरिअर मी स्वतः केलंय, ३ मिमी पितळी सळईचं, ब्रेझिंग करून. त्यावर स्टेपनी आणि छोटा डबा. दिसायला एक नंबर.

अडचण अशी. अंगणात, वाळूत, विटांच्या ढिगावर गाडी मस्त चालते. रविवारी जोतिबाच्या डोंगराच्या उतारावर नेली आणि इज्जत गेली.

एक, चढावर मध्येच गॅस सोडला की मागं घरंगळते. दोन, जरा उभा दगड आला की पुढची चाकं हवेत आणि गाडी पाठीवर, कासवासारखी. तीन, आणि हे मला अजिबात कळत नाही : पुढचं चाक दगडात अडकलेलं असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की सगळंच मरतं. मोटर बंद, स्टिअरिंग बंद. सेकंदभरानं आपोआप जिवंत होते. रिमोटचे सेल नवीन आहेत, अंतर दहा फूटसुद्धा नव्हतं.

माझा अंदाज, मोटर कमी पडते. ५५० ची मोटर आणि तीन सेलची बॅटरी घ्यावी का? हातात अजून चार हजार आहेत. त्यापुढं एक रुपया मागितला तर मलाच डोंगरावर सोडून येतील.

---

कातळवेडी

मोटर घेऊ नका. थांबा.

तुमच्या तिसऱ्या अडचणीपासून सुरू करते, कारण तीच खरी गंमतीची आहे. हा ब्राऊनआउट आहे. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारी डबी) आणि सर्व्हो यांना वीज थेट बॅटरीतून मिळत नाही, ईएससीच्या पोटातल्या एका छोट्या सर्किटमधून मिळते. त्याला बीईसी म्हणतात. बॅटरीचं व्होल्टेज उतरवून ते ५-६ व्होल्ट पुढे देतं. स्वस्तातल्या ईएससीत हे बीईसी दोन अँपिअरपर्यंतचं असतं. २५ किलोचा सर्व्हो मोकळा फिरताना थोडंच खातो, पण अडकला की तीन अँपिअर आणि वर मागतो. बीईसीला ते झेपत नाही, व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर झोपतो. झोपला की सर्व्हो सुटतो, सर्व्हो सुटला की व्होल्टेज वर येतं, रिसीव्हर उठतो. तुमचं ते 'सेकंदभरानं जिवंत'.

खात्री करायची असेल तर फुकटात होते. गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. बॉडी काढून रिसीव्हरचा दिवा दिसेल असं बघा. एका हातानं पुढचं चाक घट्ट धरा आणि दुसऱ्यानं स्टिअरिंग वळवा. दिवा विझला किंवा लुकलुकला की निदान पक्कं.

उपाय म्हणजे वेगळं बीईसी, पाच-सहा अँपिअरचं. त्याच्या जाड वायरी बॅटरीच्या वायरींना जोडायच्या आणि बारीक प्लग रिसीव्हरच्या रिकाम्या जागी. महत्त्वाचं : ईएससीहून रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी मधली लाल प्लगमधून उपसून टेप लावून ठेवा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. काळी आणि सिग्नलची तशीच राहू द्या. आणि व्होल्टेज ६ वर ठेवा. सर्व्होवर स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय ७.४ वर जाऊ नका.

शिवाय रिमोटवर स्टिअरिंगचा एंडपॉइंट (सर्व्होनं किती वळायचं ती मर्यादा) कमी करता येतो का बघा. चाक शेवटच्या टोकाला लोखंडाला टेकल्यावरही सर्व्हो रेटत राहिला तर दगड नसतानाही तो जळेल.

आता तुमचं ते कॅरिअर. वजन किती आहे? खरं सांगा.

---

लेथवाला_कोल्हापूर

३१० ग्रॅम. स्टेपनी धरून.

---

कातळवेडी

पितळ चांगलं, जागा चुकली. छपरावर ३१० ग्रॅम म्हणजे तुम्ही स्वतःच गाडीला मागून धरून ओढताय. फोटो काढण्यापुरतं लावा.

क्रॉलरमध्ये वजन वाईट नसतं, उंचीवरचं वजन वाईट. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन तेवढ्याच उंचीच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर. आकडा लिहून घ्या. मग उलट. पुढं ५५ ते ६० टक्के यायला हवं. तुमचं उलटं निघेल, पैज लावते. बॅटरी कुठे आहे?

---

जुनाटपंखा

मी मुळात विमानवाला, क्रॉलर हा म्हातारपणचा छंद. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, मागे घरंगळण्याची. एक प्रयोग करा. मोटरच्या दोन्ही वायरी ईएससीपासून सोडवा आणि हातानं मागचं चाक फिरवा. मग त्याच दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा आणि पुन्हा फिरवा. चाक जड झालेलं जाणवेल. फिरणारी मोटर जनित्र होते आणि स्वतःच स्वतःला अडवते. क्रॉलरचा ईएससी गॅस सोडल्याबरोबर नेमकं हेच करतो, त्याला ड्रॅग ब्रेक म्हणतात. तुमच्या 'गाडीच्या' ईएससीत तो नाहीये किंवा अगदी नावापुरता असावा, कारण पळणाऱ्या गाडीला गॅस सोडल्यावर गडगडत जाणंच हवं असतं. हॉबीविंगचा क्विकरन १०८० हा ब्रश मोटरसाठीचा क्रॉलर ईएससी आहे, त्यात ब्रेकचा जोर प्रोग्रॅम कार्डानं (सेटिंग बदलायचं छोटं साधन) ठरवता येतो. चार हजारांतला मोठा वाटा याच्यावर घालवा. त्याचं बीईसीही तुमच्या ईएससीतल्यापेक्षा दणकट आहे, म्हणजे कदाचित वेगळं घ्यावंच लागणार नाही. आधी हा बसवा, मग वरची चाक धरण्याची परीक्षा पुन्हा घ्या.

३५ टर्नची मोटर राहू द्या. टर्न जास्त म्हणजे फिरणं हळू आणि हुकूमत जास्त. ५५ टर्नची आणखी हळू. पण पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दातांनी लहान केलात तरी बराच फरक पडतो आणि तो तुम्ही घरी करू शकता. मेश (दातांची जुळणी) लावताना पिनियन आणि स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर) यांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी घालून दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. लेथवाल्याला हे शिकवणं म्हणजे तसं आगाऊपणाच.

दुसरी गोष्ट, आणि ही मी विचारतोय. ईएससीवर बॅटरीचा प्रकार ठरवणारा छोटा प्लॅस्टिकचा जंपर आहे का? तो लायपोवर आहे की निकेलवर?

---

वाळवंटातला

मी ॲरिझोनात असतो. हे सगळे पार्ट इकडे दोन दिवसांत घरी येतात, तुम्ही ऑनलाइन मागवून टाका ना. बाकी इथल्या सँडस्टोनवर टायर कुठलेही चालतात, दगड सँडपेपरसारखा आहे.

---

कातळवेडी

@वाळवंटातला, इकडं मागवलं तर कस्टमची ड्यूटी बसते, आणि कोल्हापुरात सँडस्टोन नाही. कोरड्या बेसॉल्टची पकड उत्तम, पण पावसाळ्यात शेवाळ धरलं की साबण.

टायरवरून आठवलं. स्वस्त टायरातला फोम फार कडक असतो. बीडलॉकचे स्क्रू खोला, फोम बाहेर काढा आणि बाहेरच्या अंगानं त्रिकोणी खाचा मारा, पपनसाच्या फोडी काढल्यासारख्या. टायर दगडावर पसरला पाहिजे. शॉकच्या स्प्रिंगाही बघा. गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनानं शॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी बसायला हवी. ताठ उभी राहत असेल तर स्प्रिंग कडक आहेत, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं उचललं जाणारच.

---

लेथवाला_कोल्हापूर

दहा-बारा दिवस गायब होतो, कामाचा रेटा होता. आता सगळं एकदम सांगतो.

आधी जुनाटपंखा काकांचे पाय धरतो. जंपर निकेलवर होता. म्हणजे बॅटरी उतरली तरी ईएससी तिला थांबवतच नव्हता. मीटर लावला तर एक सेल ३.४, दुसरा ३.१. फुगलेली नाही. हळू चार्ज केली, दोन्ही सेल ४.२ वर आले. आता वापर नसला की सेलमागं ३.८ व्होल्टवर ठेवतो, मातीच्या कुंडीत, गच्चीच्या जिन्यात. चार्जिंगला लावून झोपायची सवय बंद.

चाक धरून परीक्षा घेतली. दिवा विझला! पोरगं शेजारी उभं होतं, त्यानं टाळ्या वाजवल्या. आजाराचं नाव कळलं यातच निम्मं बरं वाटलं.

वजनकाटा : पुढं १२८० ग्रॅम, मागं १६२०. पैज हरलो. बॅटरी मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर वर होती, कारण चासीत तिथंच कप्पा दिलाय. कॅरिअर उतरवलं. बॅटरीसाठी दीड मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पाळणा वाकवला आणि ती २४० ग्रॅमची पुढच्या ॲक्सलवर आणून बसवली. आता पुढं १४००, मागं ११९०.

मग म्हटलं, पितळ शिकवताय तर पितळच बघू. भंगारात ४० मिमीच्या पितळी बारचा एक तुकडा पडला होता. चकमध्ये धरला, फेसिंग केलं, बाहेरून ३६ ला आणला, आत २० चा बोअर, १० मिमीवर पार्टिंग. दोन रिंगा, एकेक ६० ग्रॅमची. पुढच्या नकलवर (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा भाग) बसतात, ग्रब स्क्रूनं आवळल्यात, आणि चाकाच्या रिमच्या आत जातात त्यामुळं बाहेरून दिसत नाहीत. आधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून घातल्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं. पहिल्या मापाला रिंग लिंकच्या दांड्याला घासत होती, म्हणून ३८ ची ३६ केली. आता पुढं १५२०, मागं ११९०. म्हणजे ५६ टक्के. तेवढ्या खाली वजन आहे की गाडी हातानं पाठीवर पाडायला जोर लावावा लागतो.

१०८० ईएससी आला, कार्डासकट. ब्रेक पूर्ण ठेवला. बीईसी ६ व्होल्ट. चाक धरून परीक्षा : दिवा विझत नाही, जरासा मंद होतो. वेगळं बीईसी सध्या घेतलं नाही. एंडपॉइंटही कमी केला, सर्व्होची कुरकुर थांबली.

गिअरबॉक्स खोलला तर आत कोरडा ठणठणीत, ग्रीसचा थेंब नाही. भरलं. लोखंडात लोखंड जाणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक लावलं, प्लॅस्टिकवाल्यांना नाही.

काल परत तोच उतार, तोच दगड. चौथ्या प्रयत्नात चढली. मध्येच गॅस सोडून मी चहा ओतून घेतला, गाडी तिथंच चिकटून बसलेली, पालीसारखी.

एक राहिलंय. जोरात गॅस दिला की पूर्ण गाडी एका अंगाला कलते आणि दर वेळी एकच पुढचं चाक हलकं होतं. चासी वाकडी आहे का? काच ठेवून तपासली, सरळ वाटते.

---

जुनाटपंखा

चासी सरळच आहे. ड्राइव्हशाफ्ट फिरताना ॲक्सलला पिळतो, त्याची ती प्रतिक्रिया. टॉर्क ट्विस्ट म्हणतात. पूर्ण जात नाही. ज्या कोपऱ्यात गाडी बसते तिथल्या शॉकची कॉलर एक-दोन आटे आवळा आणि गॅसवर बोट हलकं ठेवा. तुम्ही अजून विटांच्या ढिगावर असल्यासारखा गॅस देताय.

---

कातळवेडी

पालीसारखी चिकटली हे वाचून बरं वाटलं. आता स्वार्थाचं. त्या पितळी रिंगांचा एक जोड मला करून द्याल का? तयार घ्यायच्या तर इथे अव्वाच्या सव्वा सांगतात.

---

लेथवाला_कोल्हापूर

देतो की. तुमच्या नकलचा बाहेरचा व्यास मोजून पाठवा. व्हर्नियरनं. पट्टीनं नको.