बाबांची वही आणि "फुकटात" झालेलं ऑपरेशन : ७० वरच्यांच्या आरोग्य कार्डाचे तुमचे अनुभव लिहा

मानेवाड्याची लेक
दिवाळीची आवराआवर करताना वरच्या फळीवर बाबांची निळी वही सापडली. रेशनकार्डाच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेली. जानेवारीत आईची अँजिओप्लास्टी आयुष्मान वय वंदना कार्डावर (७० वरच्यांचं सरकारी आरोग्य कार्ड) झाली, तेव्हाचा हिशेब. दवाखान्याचं बिल शून्य, त्यामुळे आम्ही साऱ्यांना "फुकटात झालं" असंच सांगितलं होतं.

बाबा मात्र रोज रात्री लिहीत होते. आधीच्या तपासण्या ६,४००. रात्री आईजवळ थांबणारी बाई, घरी आल्यावरच्या धरून ९ रात्री, ४,५००. ऑटो १८ फेऱ्या, २,१६०. भावाचं बाहेरचं जेवण १,३५०. बेरीज १४,४१० आणि खाली दोन रेघा. पुढच्या पानापासून दर महिन्याला एकच शब्द, "गोळ्या". २,८००, २,८००, २,९५०. जूनचं पान कोरं आहे, कारण जूनमध्ये बाबाच गेले.

कार्ड नसतं तर आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या असत्या, त्यामुळे कार्डाला नाव ठेवणार नाही. पण योजनेत ॲडमिट होण्याआधीचे ३ आणि सुट्टी झाल्यानंतरचे १५ दिवस धरतात, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही. तपासण्या तर आम्ही आठवडाभर आधीच करून बसलो होतो. बाबा एकटे हे सगळं मांडत बसायचे आणि आम्ही कधी विचारलंही नाही. तुमच्याकडे कार्डाच्या बाहेर काय काय राहिलं, लिहा. दुसऱ्या कोणाच्या घरी आधीच कळेल.

त्रिमूर्तीनगरचा जावई
आमचं तर कार्ड काढतानाच अंगठ्यावर अडलं. सासूबाईंनी ३५ वर्षं लांब रोट्यांच्या ऑर्डरी केल्या. उलट्या माठावर रोटी टाकून टाकून बोटांच्या रेषाच गेल्या. मशीन चारदा लाल. त्या पदराला अंगठा पुसून पुन्हा लावायच्या अन् माझ्याकडे बघायच्या, जसं काही त्यांचंच चुकलं. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून काम झालं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवरही होते. म्हाताऱ्या माणसाला उन्हात नेण्याआधी नंबर जोडून घ्या.

इतवारीवाली
लांब रोट्या अजून करून देतात का हो त्या? भावाच्या पोराची मुंज आहे.

त्रिमूर्तीनगरचा जावई
नाही ताई, ७८ वय आहे. आता फक्त नातवंडं आली की करतात.

निवृत्त, केंद्र सरकार
मानेवाड्याच्या ताई, वडलांचं वाचून फार वाईट वाटलं. माझंही असंच सगळं वहीत.
मी सीजीएचएसवाला, म्हणजे केंद्र सरकारी लोकांची आरोग्य योजना. निवृत्त होताना पगाराची लेव्हल ७, म्हणजे वर्गणी महिन्याला ६५०. दहा वर्षांचे एकदम ७८,००० भरले की कार्ड जन्मभराचं. तेव्हा मंडळी म्हणाली, एवढे पैसे एका झटक्यात काहून भरता. पण आज आम्हा दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिथून मिळतात. सत्तरी झाल्यावर पोरगा म्हणाला वय वंदना काढा. पण सीजीएचएस अन् वय वंदना दोन्ही चालत नाही, एक निवडावं लागते. वय वंदनात ओपीडी नाही, भरती झाल्यावरचाच उपचार. म्हणून मी जुनंच ठेवलं. निवडण्याआधी घरातला महिन्याचा गोळ्यांचा खर्च काढून पाहा, हे माझं कळकळीचं सांगणं.

नंदनवन
आईचं खरं वय ७२, आधारवर ६८!! शाळेतच गेली नाही तर दाखला कुठून आणू. योजनेत आधारचंच वय धरतात. कोणी दुरुस्त करून घेतलंय का, काय कागद लागले?

महालकर
आमचा गैरसमज असा झाला की आई ५ लाख, बाबा ५ लाख. तसं नाही. घरातल्या ७० वरच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख. बाबांच्या डायलिसिसमध्ये रक्कम कमी होत गेली आणि नोव्हेंबरात आई पडली तेव्हा आम्ही रात्रभर आकडे मोडत बसलो. पुरले, पण ती रात्र आठवते. ज्यांचं कुटुंब आधीपासून आयुष्मान भारत योजनेत आहे, त्यांच्या ७० वरच्यांना मात्र वेगळे ५ लाख मिळतात, घरच्यांशी वाटायचे नाहीत.

सक्करदऱ्याची सून
भाजी टाकून लिहून राहिली आहे, चुकलं तर समजून घ्या. सासऱ्यांनी कार्ड आल्याबरोबर खाजगी पॉलिसी बंद केली. हप्ता दरसाल वाढत होता, त्यांचंही खरं होतं. पण खाजगी पॉलिसी असली तरी वय वंदना मिळते, बंद करायची गरजच नव्हती. आता नवी घ्यायची तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आणि ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला (विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) विचारावं लागते. थोडा दम धरला असता तर झेपलं असतं. त्यांना आता हे बोलून दाखवत नाही, जिवाला लावून घेतात.

नंदनवन
ताई, बरं करता. आमचे बाबा असंच मनात ठेवून बसतात.

हिंगणा रोड
एका खाजगी दवाखान्यात कार्ड दाखवल्यावरही २०,००० डिपॉझिट मागितलं. काका घामाघूम, काकू पर्समधून नोटा काढून मोजून राहिल्या. पैसे भरले. सकाळी आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेची मदत करणारा माणूस) टेबलाशी गेलो, तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन लावला, तेव्हा तिसऱ्या दिवशी परत मिळाले. पावती होती म्हणून मिळाले. पावती सोडू नका बाप्पा, चिठ्ठीवर लिहून दिलेलं चालत नाही.

इतवारीवाली
आणि स्वतंत्र खोली मागू नका, पॅकेज जनरल वॉर्डाचं असते. आमच्या आत्यानं हट्ट केला होता.

मिहानकडचा
नागपूरच्या एम्सला नेता तेव्हा जाण्यायेण्याचाच खर्च मोठा. मेट्रोनं खापरीपर्यंत अन् पुढं ऑटो केला तर बराच वाचतो. पण गुडघ्याचं माणूस असेल तर जिन्यावर हाल होतात, लिफ्ट आधी विचारून घ्या.

महालकर
@मिहानकडचा खापरीहून ऑटोवाले किती घेतात आता?

मिहानकडचा
ठरवून बसा, सकाळी वेगळं सांगतात अन् दुपारी वेगळं.

निवृत्त, केंद्र सरकार
मानेवाड्याच्या ताई, आईची तब्येत कशी आहे आता?

मानेवाड्याची लेक
बरी आहे काका. तुळशीपर्यंत चालते, मग कट्ट्यावर बसते. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून जनऔषधी दुकानातून आणायला लागलो. मी वही तिच्या हातात दिली. बराच वेळ जूनच्या पानावर हात ठेवून होती. मग पेन मागितलं आणि उलटून पुढच्या पानावर लिहिलं, "गोळ्या १,१४०".

सक्करदऱ्याची सून
कोणतं जनऔषधी ताई? मेडिकल चौकाजवळचं का? रविवारी उघडं असते?