मोडी पत्रं सुटी विकत घ्यावीत का?

बोरू:
गेल्या महिन्यात जुन्या बाजारात एक मोडी पत्र हाती आलं. जाड हातकागद, खाली ‘मोर्तब सूद’चा, म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का, तारीख ‘छ ११ सवाल’, म्हणजे हिजरी सवाल महिन्याचा अकरावा चंद्र (दिवस). साल नाही. विकणाऱ्याने अख्खा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडवून एकेक कागद वेगळा मांडला होता. जीव तुटला, पण मी घेतलं नाही. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर नुसता चंद्र आणि महिना असतो. साल लावायचं ते रुमालातल्या आजूबाजूच्या कागदांवरून. ते चार दिशांना गेले की साल लावायचं कशावरून? सुटं पत्र घेणं म्हणजे दफ्तर फोडणाऱ्याला पैसे देणं.

माळ्यावरची:
अजिबात पटलं नाही. आमच्या आजोळचा वाडा पाडला तेव्हा दोन पेट्या कागद रद्दीत गेले, किलोच्या भावाने. “मोडी आता कुणाला येतंय,” म्हणाले मामा. त्या दिवशी एखादा संग्राहक दारात आला असता तर दहा पत्रं तरी उरली असती. इतिहासकार वि. का. राजवाडेही गावोगाव फिरून लोकांच्या घरातले कागदच जमवत होते ना?

बोरू:
जमवून कपाटात नाही ठेवले, ताई. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. घरातले कागद अशा ठिकाणी द्यावेत.

रुमाल:
संस्थेत दिलं की सुखरूप, असं धरून चालू नका. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत जमाव घुसला, पोथ्यांची नासधूस झाली. माझ्याकडे साठेक पत्रं आहेत. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, सपाट आणि अंधारात ठेवलीत. फोटो दोन्ही बाजूंचे, कारण लांब पत्रात कागद जोडतात त्या सांध्यावर मागून शिक्का असू शकतो. मागेल त्याला फोटो देतो.

परदेशस्थ:
मी न्यू जर्सीत असतो. एखादं मागवता येईल का?

रुमाल:
नाही. ७५ वर्षांवरचं ऐतिहासिक हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. फोटो पाठवतो.

बोरू:
फोटो देता हे फार चांगलं करता. पण त्या साठांतली एकाच रुमालातली किती?

रुमाल:
अकरा. बाकीची सुटी घेतली. कुठल्या घरातून आली, हे विकणाऱ्याला दोनदाच विचारलं होतं.