मदत हवी आहे: ठोकळ्यांचा 38 सेंमीचा रोबो पाच मिनिटांत मांडी घालून बसतो

पाचट_सांगली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे विमानांची मॉडेलं करणारे आणि जुने मेकॅनोवाले आहेत हे माहीत आहे, म्हणून धीर करून विचारतोय. प्रश्न लेगोच्या ठोकळ्यांचा आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा.

मुलगा अकरावीला पुण्याला गेला आणि ठोकळ्यांची दोन खोकी मागे ठेवून गेला. बायको म्हणाली, कुणाच्या तरी पोराला देऊन टाका. देण्याआधी रंगवार लावून ठेवू म्हणून दुकान बंद केल्यावर रात्री तासभर बसायला लागलो, आणि लावता लावता एक पाय तयार झाला. एक पाय झाल्यावर माणूस थांबतो का? आता अख्खा रोबो झालाय. नाव कोयत्या. 2100 सालातलं ऊसतोडीचं यंत्र अशी कल्पना आहे. दोन पाय, छातीत काचेची केबिन, आत छोटा ड्रायव्हर, उजव्या हातात पुढे रोखलेला कोयता. गुडघे शहामृगासारखे मागे वळलेले, कारण सरळ पायाचा रोबो मला विजार घातल्यासारखा दिसतो.

उंची 38 सेंमी, वजन दुकानाच्या काट्यावर 1140 ग्रॅम. आधी स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये काढला होता, तिथे झकास उभा होता. टेबलावर ठेवला की पहिला मिनिटभर ताठ, मग हळूहळू गुडघे दुमडत जातात आणि पाच मिनिटांत महाराज मांडी घालून बसतात. खुब्याला बायोनिकलचे (लेगोच्याच जुन्या बाहुल्यांचे) गोल सांधे आहेत, गुडघ्याला टेक्निकच्या (लेगोच्या भोकंवाल्या पट्ट्यांच्या प्रकारातल्या) निळ्या पिना. पिना बदलून पाहिल्या, सांध्यात कागदाची पट्टी घालून पाहिली (लिहितानाही लाज वाटते), फरक नाही.

दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला करतात. त्यांना शब्द देऊन बसलोय की किल्ल्याच्या पायथ्याला कोयत्या उभा करू. म्हणजे पाच दिवस उभा राहायला हवा. काय करू?

टपोरा_बदाम

फेविक्विक. दोन थेंब. विषय संपला.

खटपट्या

बदामराव, ठोकळेवाल्यांपुढे गोंदाचं नाव काढणं म्हणजे वारकऱ्यापुढे मटणाचं ताट. शिवाय त्या गोंदाच्या वाफेने आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर पांढुरकी झाक येते, ती पुसून जात नाही. काळ्या ठोकळ्यावर तर दाढीला साबण राहिल्यासारखं दिसतं.

पाचट, तीन आकडे द्या. गुडघ्याच्या वर किती वजन आहे? खुब्याच्या सरळ खाली लंब सोडला तर गुडघा त्याच्या किती मागे आहे? आणि कोयत्याचा हात किती ग्रॅमचा, किती पुढे? बीमची, म्हणजे त्या भोकंवाल्या पट्टीची, भोकं मोजून सांगितलंत तरी चालेल.

पाचट_सांगली

सगळं काढून तोललं. गुडघ्याच्या वर 900 ग्रॅम. गुडघा खुब्याच्या 6 भोकं मागे. कोयत्यासकट हात 95 ग्रॅम, त्याचा तोल खुब्यापासून साधारण 18 सेंमी पुढे.

खटपट्या

मग बरोबर बसतोय तो. मीही बसलो असतो.

दोन भोकांतलं अंतर 8 मिलिमीटर, म्हणजे 6 भोकं 4.8 सेंमी. 900 गुणिले 4.8 झाले 4320 ग्रॅम-सेंमी. त्यात कोयता पुढे रोखल्याचे 95 गुणिले 18, म्हणजे 1710. एकूण 6030, दोन गुडघ्यांत वाटून प्रत्येकी तीन हजाराच्या वर. पिनेकडे याला अडवायला काय आहे? नुसतं घर्षण. ती बिचारी थोडा वेळ धरते आणि मग सरकू लागते. हाताचं वजन अख्ख्या रोबोच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतकं, पण भार बघा केवढा टाकतोय.

तुम्ही आधी कातडं केलं आणि मग त्यात हाडं कोंबली, असा माझा अंदाज आहे. सगळे पहिल्यांदा तेच करतात. आधी नुसता सांगाडा करायचा, उघडानागडा. त्याच्या खांद्यावर किलोभर साखरेची पिशवी ठेवून रात्रभर उभा करायचा. सकाळी उभा असेल तर कपडे शिवायचे. संगणकातल्या रोबोला वजनच नसतं, तो कसाही उभा राहतो.

दूरचा_मुक्काम

मी आइंडहोवनला असतो, इथल्या एका हौशी गटात रोबोच बनवतो. खटपट्यांचं गणित बरोबर आहे, पण मुळातला घोळ आकाराचा आहे. लेगोने 2014 मध्ये पीटर रीड या ब्रिटिश हौशी कलाकाराचा एक्सो सूट अधिकृत संच म्हणून काढला होता. त्यात जेमतेम 321 तुकडे. असले तळहाताएवढे रोबो बारीक चिमटे आणि छोट्या गोल सांध्यांवर आरामात उभे राहतात. ते बघून आपण म्हणतो, हाच दुप्पट करू. उंची दुप्पट केली की वजन होतं आठपट, वजनाचा हातही दुप्पट लांब होतो, म्हणजे सांध्यावरचा भार सोळापट. आणि सांधा? तोच, तेवढाच. पिन काही मोठी मिळत नाही. मोठ्या जनावराला नुसतं लांब हाड पुरत नाही, ते कितीतरी जाड व्हावं लागतं, हे गॅलिलिओने 1638 साली हाडांचं चित्र काढून दाखवलं होतं.

उपाय म्हणजे घर्षणावर अवलंबूनच राहू नका. वर्म गिअर वापरा, तो स्क्रूसारखा दिसणारा दंडगोल. वर्मने 24 दाती चाक फिरतं, पण चाकाने वर्म फिरत नाही. वर्मचे 24 फेरे तेव्हा चाकाचा एक, त्यामुळे किल्लीसारखा दांडा फिरवून पाय हवा तसा लावता येतो आणि सोडला की तिथेच राहतो. वर्मचा दांडा आणि चाकाचा दांडा यांत बरोबर 2 भोकांचं अंतर लागतं, खुब्यात मावेल.

बायोनिकलचे गोल सांधे काढाच. ते 2001 सालच्या खेळण्यातल्या हलक्या बाहुल्यांसाठी होते. त्यात मुलाने चार-पाच वर्षं खेळून ढिले केलेले असणार.

टपोरा_बदाम

एवढं गणित दहावीला केलं असतं तर आज मी कुठच्या कुठे असतो.

निमूट_शारदा

मी शाळेत शिकवते. ठोकळ्यांतलं मला फारसं कळत नाही, भाच्यामुळे थोडं बघून माहीत आहे. पण एक शंका. कोयत्याला पाच दिवस उभंच राहायचं आहे ना? मग गुडघा वळायला कशाला हवा? मांडीपासून पोटरीपर्यंत एक तिरका बीम लावून त्रिकोण केला की झालं. चौकोन मोडतो, त्रिकोण मोडत नाही. त्याच्या तिन्ही टोकांना ढिल्या पिना असल्या तरी चालेल.

खटपट्या

शारदाताई, अगदी बरोबर. फक्त टेक्निकमध्ये त्रिकोण 3-4-5 चाच लागतो, नाहीतर भोकं जुळत नाहीत. म्हणजे गुडघा काटकोनात, आणि तो मांडीच घातल्यासारखा दिसणार.

निमूट_शारदा

तसं का असेल? 3-4-5 लागतो तो काटकोन हवा असेल तर. इथे गुडघ्याच्या पिनेभोवती दोन्ही बीम मोकळे फिरताहेत, त्यामुळे कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असली की त्रिकोण बनेल. कोन जो यायचा तो येईल. वर 4, खाली 4 आणि आडवा 7 घ्या. गुडघा साधारण 122 अंशांत अडकेल. 7 अंतरं म्हणजे 8 भोकं. तेवढा बीम नसेल तर 9 भोकांच्या बीमचं पहिलं आणि आठवं भोक वापरा.

खटपट्या

कान पकडले. वीस वर्षं 3-4-5 घोकतोय.

रानभूल

अवांतर: शहामृगाचा मागे वळलेला तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. म्हणजे पक्षी आयुष्यभर चवड्यांवर चालतो. पाचटराव, मांडी आखूड करून पुढे घेतली, त्याखाली लांब पोटरी मागे आणि मग लांब पाऊल, असं तीन तुकड्यांचं केलंत तर एक वळण पुढे आणि एक मागे जाईल. भार आपोआप मधोमध येईल. निसर्गाने काहीतरी विचार केलाच असेल की.

दूरचा_मुक्काम

रानभूल, कल्पना सुरेख आहे, पण सांधा एक वाढला. नवख्याने वाढवू नये.

पाचट, कोयत्याच्या हाताचं काय करताय? तो जोवर पुढे रोखलेला आहे तोवर वरचं सगळं व्यर्थ. रोमन शिल्पकार संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी झाडाचं खोड कोरायचे, घोट्याला आधार म्हणून. तुम्ही उसाची मोळी करा, मागे जमिनीला टेकवा. तीन पायांची तिवई, विषय संपला.

पाचट_सांगली

सगळ्यांचे आभार. आठवडाभर दुकानात फार्मसीवाल्या पोरीने दोनदा विचारलं की काका, कागदावर त्रिकोण कसले काढताय.

मोळी जमिनीला टेकवायची सूचना मात्र मला रुचेना. इकडे मोळी कुणी जमिनीला टेकवून उभं राहत नाही हो. ती डोक्यावर नाहीतर खांद्यावर. फडातून ट्रॉलीपर्यंत फळीवरून चढून जातात बाया, मान जराही हलत नाही. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की डोक्यावरचं ओझं गुडघ्याला पीळ देत नाही, सरळ खाली उतरतं. मग मोळी खांद्यावर दिली, हिरव्या-जांभळ्या दांड्यांची. तिचं जड टोक मागे ठेवलं. वजन 110 ग्रॅम, तोल खुब्याच्या 5 सेंमी मागे. कोयता अंगाजवळ घेतला, आता 6 सेंमी पुढे. म्हणजे पुढे 570, मागे 550. कावड जमली.

केबिनच्या भिंती भरीव ठोकळ्यांच्या होत्या. 2 बाय 4 चा एक ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि मी ते शंभरेक लावले होते, का ते विचारू नका. आतून पोकळ करून वर नुसत्या पातळ प्लेटा लावल्या, 210 ग्रॅम उतरले. गुडघा 6 भोकांवरून 2 भोकांवर आणला. आता गुडघ्याच्या वर 800, गुणिले 1.6, वर कावडीतले उरलेले 20. एकूण 1300, एका गुडघ्यावर 650. आधी तीन हजार होते!

गुडघ्यात शारदाताईंचा 4-4-7. खुब्यात वर्म, मुलाच्या जुन्या ट्रकमधून काढले. (फोन करून विचारलं. तो म्हणाला, "बाबा, ते माझं आहे." मग म्हणाला, "घ्या.")

आता अडलंय ते दिसण्यापाशी. गुडघ्यामागचा तिरका बीम उघडा पडलाय, भोकं दिसतात. कातडं कसं चढवू? पोटरीवर बाजूला तोंड करून प्लेटा लावल्या तर कुठेतरी बारीक फट राहतेच.

खटपट्या

बीम लपवू नका, मिरवा. त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी गोल दांडे लावा, जेसीबीचा हायड्रॉलिक सिलिंडर वाटेल. लोक म्हणतील काय बारकावा टाकलाय.

फटीचं म्हणाल तर, एक प्लेट 3.2 मिलिमीटर उंच आणि दोन टिकल्यांमधलं (ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर 8. म्हणून 5 प्लेटा एकावर एक ठेवल्या की 16, म्हणजे बरोबर 2 टिकल्या. आडवं बांधकाम करताना हे 5 ला 2 धरून चाला, फट राहणार नाही. अर्ध्या टिकलीने सरकवायचं असेल तर जंपर प्लेट, मधोमध एकच टिकली असलेली. या आडव्या बांधणीला ठोकळेवाले स्नॉट म्हणतात, इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ शेंबूड. घरी पोरांसमोर जपून बोला.

आणि किल्ल्याच्या मातीत थेट उभा करू नका. पोरं हळीव-मोहरी पेरून रोज पाणी मारणार, माती बसणार, एक पाय खचणार. खाली प्लायवूडचा तुकडा, त्यावर बेसप्लेट, पावलं तिला बसवा, मग कडेने माती ओढा.

पाचट_सांगली

आज भाऊबीज. धनत्रयोदशीला उभा केलेला कोयत्या अजून उभा आहे. काल पोरांनी त्याच्या मोळीवर मातीचा मावळा बसवला. मी तो गुपचूप काढून दुकानात नेऊन तोलला, 62 ग्रॅम. परत जागेवर ठेवला. डावा घोटा मात्र सकाळपासून किंचित बाहेर कललाय असं वाटतं. मुलगा म्हणतो भास आहे. घोट्यातही त्रिकोण बसवता येईल का? तिथे जागा फक्त 3 भोकांची आहे.

निमूट_शारदा

2-2-3 करून बघा. तोवर मावळा उजव्या बाजूला सरकवा.