रेसिंगचे नियम गाड्यांचे पंख का छाटतात?

देवगडकर:
१९९२च्या विल्यम्स एफडब्ल्यू१४बी या फॉर्म्युला वनच्या गाडीत संगणकावर चालणारं सस्पेन्शन होतं. वळण येवो, उंचवटा येवो, गाडीचं पोट रस्त्यापासून ठरल्या उंचीवरच राहायचं. नायजेल मॅन्सेल त्या वर्षीचा विजेता. पुढच्या वर्षी तेच तंत्र पुढे नेलेल्या गाडीत ॲलन प्रॉस्ट विजेता. आणि १९९४ला हे ॲक्टिव्ह सस्पेन्शन, वेग घेताना चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस या सगळ्यांवर एकदम बंदी.

हे एकदाच घडलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. १९७८मध्ये गॉर्डन मरे या डिझायनरने ब्रॅबम संघाच्या गाडीमागे मोठा पंखा बसवला. तो गाडीखालची हवा उपसायचा आणि गाडी रस्त्याला चिकटून राहायची. निकी लाउडा स्वीडनला ती गाडी घेऊन जिंकला आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो १९८९ला बंद, तो परत यायला २०१४ उजाडलं. टिरेलची सहा चाकांची गाडी १९७६ला शर्यत जिंकली, पुढे नियमात चारच चाकं लिहिली गेली. २०२०मध्ये मर्सिडीजने स्टीअरिंग पुढेमागे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलायची युक्ती काढली, ती पुढच्या हंगामात बंद.

आज आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकला एबीएस सक्तीचं आहे. पावसात करूळ घाट उतरणाऱ्या कॉलेजच्या पोराकडे जे आहे, ते फॉर्म्युला वनच्या गाडीला लावायला मनाई. मला हे पटत नाही. ही स्पर्धा चालकांची आहे तेवढीच गाडी बनवणाऱ्यांचीही आहे. इंधन मोजून द्या, सुरक्षेच्या चाचण्या कितीही कडक ठेवा, बाकी डोकं चालवायला मोकळीक द्या.

वाशिष्ठी (चिपळूण):
दादा, यादी बरोबर आहे, पण त्या बंदींमागची कारणं तुम्ही सोडून दिलीत.

ट्रॅक जिथे आहे तिथेच राहतो. भिंत, वाळूचा पट्टा, प्रेक्षकांची जागा, सगळं एका ठरावीक वेगाचा हिशेब करून बांधलेलं असतं. वेग १० टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते. गाड्या दरवर्षी सुधारतात, ट्रॅक दरवर्षी रुंद करता येत नाहीत. म्हणून अधूनमधून गाडीलाच मागे ओढावं लागतं.

गाडीखालच्या हवेचं तर आणखी वेगळं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गाड्यांना बाजूने जमिनीला टेकणाऱ्या झडपा असत, त्यामुळे खाली कमी दाब तयार व्हायचा आणि गाडी रस्त्याकडे खेचली जायची. झडप अडकली किंवा गाडी उचलली गेली की ती पकड एका क्षणात नाहीशी, तीही भर वळणात. चालकाच्या हातात काहीच उरत नसे. १९८३पासून सपाट तळ सक्तीचा झाला तो यामुळे.

आणि माणसाचं शरीर? २००१मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या ओव्हल ट्रॅकवर कार्ट मालिकेच्या गाड्या ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास पळत होत्या. वळणात पाच जीच्या वर, म्हणजे शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भार. सरावातच चालकांना चक्कर यायला लागली आणि शर्यतीच्या दिवशी शर्यत रद्द करावी लागली. गाडी पळायला तयार होती, आत बसलेला माणूस नव्हता. हे तुमच्या मोकळ्या नियमात कुठे बसतं?

हर्णैवाला:
मी बोटीवरचा माणूस, शर्यती मुलामुळे बघायला लागलो. पण हा वाद आमच्या ओळखीचा आहे. एलईडी लावून मासेमारीला २०१७मध्ये केंद्राने बंदी घातली. समुद्रात झगझगीत दिवा सोडला की मासळी आपोआप गोळा होते, मग जाळं टाकायचं. तंत्र म्हणून भारीच. पण मग पाणी ओळखणं, वारा बघणं, कुठे जाळं मारायचं हे वडिलांकडून शिकलेलं सगळं कवडीमोल. ज्याचा जनरेटर मोठा त्याची मासळी. शर्यतीतही तेच होईल असं मला वाटतं. तुमचा चालक नुसता बसून राहील.

देवगडकर:
काका, एलईडीवरची बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. पण समुद्रातली मासळी संपते, आज एकाने उपसली तर उद्या सगळ्यांची चूल विझते. शर्यतीत एका संघाने नवी कल्पना काढली तर दुसऱ्याची कल्पना संपत नाही, उलट त्याला जाग येते. तुलना तिथे तुटते.

वाशिष्ठीताई, सुरक्षेचा मुद्दा मी नाकारलेलाच नाही. माझा आक्षेप बंदी घालण्याच्या पद्धतीला आहे. वेग जास्त होतोय? मग इंधन कमी करा, हवा गाडीला खाली किती दाबते त्या दाबावर मर्यादा घाला. तो आकडा कसा गाठायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. २०१४ला नेमकं हेच केलं. इंधन ताशी १०० किलोपेक्षा जास्त वाहू द्यायचं नाही, अशी अट घातली. मग काय झालं? २०१७मध्ये मर्सिडीजचं इंजिन चाचणीत ५० टक्क्यांच्या पुढे गेलं, म्हणजे इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा कामी आली. अट कडक होती, तरी इतकी हुशारी बाहेर पडली. मला अशी अट हवी.

आणि बंधनं काढली की काय दडलेलं असतं ते पोर्शेने २०१८ला दाखवलं. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पळणाऱ्या ९१९ या गाडीवरची नियमांची बंधनं काढून ती जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर नेली. ५ मिनिटं १९.५५ सेकंद! आधीचा विक्रम स्टेफान बेलोफचा, १९८३चा, ६ मिनिटं ११ सेकंद.

वेंगुर्ल्याचो झिल:
माका पैशाचा सांगूचा आसा. कॅनडा-अमेरिकेतली कॅन-ॲम ही शर्यतींची मालिका बघा. थय नियम जवळजवळ नायच होते. १९७३ साली पोर्शेन ९१७/३० आणली, हजाराच्या वर हॉर्सपॉवर, आणि मार्क डोनह्यून सगळ्यांका मागे टाकल्यान. बाकीच्यांनी काय बघूचा? १९७४ नंतर ती मालिकाच बंद पडली. मोकळीक म्हणजे जेच्याकडे पैसो तेचीच मोकळीक.

देवगडकर:
पैशाचा मुद्दा २०२१पासून राहिलेला नाही. त्या वर्षी संघांच्या खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली. पैसाच मोजून दिलाय तर कल्पना कशाला मोजता? आणि कडक नियमांनी चुरस येते म्हणाल, तर २०२३ आठवा. खर्चाला मर्यादा, तळाचा आकार नियमात बांधलेला, आणि रेड बुलने २२पैकी २१ शर्यती जिंकल्या.

वाशिष्ठी (चिपळूण):
मग २०२४ही आठवा! नियम जवळपास तेच, आणि सात वेगवेगळे चालक शर्यती जिंकले. नियम स्थिर राहिले की मागचे संघ पुढच्याला गाठतात. तुमच्या २०१४च्या मोकळिकीचं फळ काय होतं? मर्सिडीजने २०१४ ते २०२१ सलग आठ वेळा संघांचं विजेतेपद नेलं. इंजिन अप्रतिम होतं, पण बाकीच्यांना ते गाठायला वर्षं लागली. ५० टक्क्यांचा आकडा रविवारी दुपारी टीव्हीपुढे बसलेल्याला दिसत नाही.

तुम्ही घाटाचा विषय काढलात, म्हणून रस्त्यांवरच्या रॅलीचं सांगते. ग्रुप बी या रॅलीच्या प्रकारातल्या गाड्या हजार किलोच्या आसपास वजनाच्या, ताकद ५०० हॉर्सपॉवरपर्यंत. १९८६च्या मार्चमध्ये पोर्तुगालला एक गाडी प्रेक्षकांत घुसली, तीन जीव गेले. दोनच महिन्यांत कॉर्सिकाला हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो लान्चा गाडीसकट दरीत जळाले. तो प्रकार वर्षअखेर बंद केला. तिथे ‘आधी आकडा ठरवू, मग बघू’ म्हणायला वेळ नव्हता.

गॅरेजवाला, रत्नागिरी:
एक गोष्ट कुणीच काढली नाही. नियम तपासता यायला हवा. ट्रॅक्शन कंट्रोल १९९४ला बंद केलं, पण सॉफ्टवेअरमध्ये कोण काय लपवतंय हे पकडणं अशक्य झालं, म्हणून २००१ला परत परवानगी दिली. २००८ला सगळ्या गाड्यांना एकच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, दिला, तेव्हा कुठे बंदी खरी झाली. दाबावर मर्यादा घाला म्हणता, पण पळत्या गाडीवर खाली किती दाब पडतोय हे कोण आणि कसं मोजणार? तळाचा आकार फूटपट्टीने मोजता येतो. म्हणून नियम लिहिणारे आकार लिहितात.

आणि एबीएसचं म्हणाल तर घाटातल्या पोराला घरी पोचायचं असतं. ताशी ३०० वरून ब्रेक मारताना चाक जाम होण्याच्या काठावर पाय धरून ठेवणं, हीच तर चालकाची परीक्षा. ती संगणकाकडे दिली तर मी शर्यत कशाला बघू?

देवगडकर:
एबीएसचं तुमचं म्हणणं वजनदार आहे. चालकाच्या पायाचं काम चालकाकडेच राहू दे, तेवढं मी बाजूला ठेवतो. मोजमापाचं मात्र मान्य नाही. इंधनाचा प्रवाह आज प्रत्येक गाडीत, प्रत्येक क्षणी सेन्सरने मोजला जातोच. पंधरा वर्षांपूर्वी तेही कुणाला शक्य वाटलं नसतं.

माझा खरा राग २०२६च्या नियमांवर आहे. टर्बोच्या दांड्यावर बसून एक्झॉस्टमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेची वीज करणारा जो जनरेटर होता, एमजीयू-एच, तो काढून टाकला. त्या ५० टक्क्यांमागचा सगळ्यात हुशार भाग तोच होता.

वाशिष्ठी (चिपळूण):
तो महाग आणि किचकट होता, नव्या कंपन्या त्यालाच घाबरत होत्या. तो जाणार हे ठरलं आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये ऑडीने यायचं जाहीर केलं. इंधनही आता शाश्वत स्रोतांतलं, पुढचे-मागचे पंखही हलते. तुम्हाला हवं असलेलं थोडंफार तंत्रज्ञान परत आलंच की.

देवगडकर:
ऑडी आली याचा मलाही आनंद आहे. पण नव्या संघाला आत घेण्यासाठी जुन्यांनी इतकी वर्षं घासून तयार केलेला भाग फेकून द्यावा लागला. नव्यांना तो शिकायला दोन-तीन हंगाम जास्त इंधन किंवा जास्त चाचण्या देता आल्या असत्या. त्यांना सवलत द्या, भाग ठेवा. यावर कुणाचं उत्तर असेल तर मला ऐकायचंय.