उठाव, बंड, आंदोलन... नेमकं काय म्हणायचं?

सागरगोटा: एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, त्यात एका शब्दावर अडलेय. २०१० ते १३ आम्ही कोलंबोत, वेल्लवत्तेला राहायचो. २०२२च्या ९ जुलैला पुण्यात बसून दिवसभर फोनवर तेच बघत होते. माणसं श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या घरात शिरली, तिथल्या तलावात पोहली, पलंगावर लोळली. गॉल फेसच्या ज्या हिरवळीवर आम्ही संध्याकाळी इस्सो वडे (कोळंबी लावलेले) खायचो, तिथे राष्ट्राध्यक्षांच्या राजीनाम्यासाठी ९ एप्रिलपासून निदर्शकांचे तंबू पडले होते. मी लिहिलं, 'माझ्या जुन्या गावात उठाव चालला होता आणि मी इथे कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.' संपादकांनी 'उठाव' खोडून 'आंदोलन' केलं. का, तर उठाव सशस्त्र असतो. मला आंदोलन फारच किरकोळ वाटतं. आंदोलन म्हणजे तहसील कचेरीसमोर सतरंजी, निवेदन आणि फोटो. इथे राष्ट्राध्यक्ष लष्करी विमानातून मालदीवला पळाला आणि राजीनामा सिंगापूरहून ईमेलने आला!

निफाडचा_नातू: आमच्याकडे उठाव एकच, मालाचा. 'श्रीलंकेत उठाव' असा मथळा वाचून वडिलांनी पहिल्यांदा भाव विचारला होता. गंमत नाही, आपल्या मोठ्या कांद्याला तिकडे बॉम्बे अनियनच म्हणतात. तेव्हा तिकडे तुमचा उठाव होता म्हणून आमचा नव्हता. बँकांकडे डॉलर नाहीत, एलसी (आयातीच्या पैशांची बँकेची हमी) उघडणार कोण?

शुद्धलेखक: उठाव सशस्त्रच असतो हा नियम कुठून आणला? मूळ क्रिया 'उठणे'. हातात काय आहे याचा शब्दाशी संबंध नाही. तरी नेमका शब्द हवा असेल तर 'जनोत्थान' आहे की.

कडबोळं: जनोत्थान नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित. ठेवींवर आकर्षक व्याज.

शुद्धलेखक: थट्टा सोपी असते. 'महापौर' शब्दालाही लोक हसलेच असतील.

कडबोळं: महापौर तोंडात बसतो हो. जनोत्थान म्हणताना कवळी पडेल. 'बंड' काय वाईट आहे? आमची पणजी '५७ला 'बंडाचं साल' म्हणायची.

आडवाट: बंडाची किंमत आपणच घालवली. तिकीट मिळालं नाही की बंडखोर, माघार घेतली की बंड शमलं. आणि त्याच जुलैत आपल्या विधानसभेत काय चाललं होतं आठवा. 'बंड म्हणू नका, आम्ही उठाव केला' असं शिंदे गटाचे आमदारच सांगत होते. एकाच सुमारास दोन उठाव, एक कोलंबोत आणि एक गुवाहाटीमार्गे. तुमच्या संपादकांना तोच वास आला असेल.

सागरगोटा: हे डोक्यातच आलं नव्हतं! 'क्रांती' मात्र नको. गोटाबाया गेले आणि २० जुलैला संसदेने रनिल विक्रमसिंघेंना निवडलं, म्हणजे सहा वेळा पंतप्रधान झालेला माणूस. २२च्या पहाटे लष्कराने तंबू मोडले. तिकडचे लोक स्वतः 'अरगलय' म्हणतात, बोलताना 'अरगले'. अर्थ साधारण झुंज, लढा.

कडबोळं: मग 'लढा' म्हणा ना. संयुक्त महाराष्ट्राचा लढा म्हणतोच आपण.

आडवाट: लढा वर्षानुवर्षं चालतो. हे तर चार महिन्यांत आटोपलं.

वेखंड: अरगलय! हा तर सरळ सरळ 'अर्गला'. दाराची आडवी दांडी. अर्गलास्तोत्र म्हणतो ना नवरात्रात? वाट अडवणे, त्यावरून विरोध, त्यावरून लढा. सिंहली आपल्याच कुळातली आहे, तंबूंच्या वस्तीला 'गोटागोगम' (गोटा, चालता हो, असं गाव) म्हणायचे, त्यातलं 'गम' म्हणजे आपलं गाव. ग्रामातून दोन्ही आले.

शुद्धलेखक: गम-गाव मान्य. अर्गलेचं मात्र नुसतं ध्वनिसाम्य आहे. अशाने 'स्वारगेट'सुद्धा लंकेतून आणाल.

वेखंड: मला पटतंय. अर्गलेची मराठीत आगळ झाली. आजोळच्या वाड्याला सागवानी आगळ होती, भिंतीतल्या भोकात सरकायची. पावसाळ्यात फुगली की आत ढकलायला दोन माणसं लागायची. एकदा मामा रात्री उशिरा आला आणि आगळ निघेचना, पहाटेपर्यंत ओट्यावर झोपला.

निफाडचा_नातू: आगळ नव्हे, अडसर.

वेखंड: अडसर वेगळा. तो दाराला मागून टेकवतात.

सागरगोटा: एक राहिलं. आमची घरमालकीण तमिळ. त्या दिवशी फोन केला तेव्हा ती गॅसच्या सिलिंडरसाठी तिसऱ्या दिवशी रांगेत उभी होती. मी उत्साहाने विचारलं, अरगलय कसा चाललाय? ती म्हणाली, 'तो त्यांचा शब्द. आम्ही तमिळमध्ये लढ्याला पोराट्टम म्हणतो. आमच्या पोराट्टमला इतकी वर्षं दहशतवाद म्हणत होते, आता सगळ्यांनाच घोषणा आवडायला लागल्यात.' मग म्हणाली की १८ मेला गॉल फेसवर मुळ्ळिवाय्कालच्या मेलेल्यांसाठी (२००९ला यादवी युद्धाच्या शेवटी तिथे मारल्या गेलेल्या तमिळांच्या आठवणीत) पेज वाटली, तेव्हा तीही जाऊन प्याली. अशा बाईच्या वतीने मी 'उठाव' लिहू की 'त्यांचा उठाव'?

आडवाट: मग 'अरगलय' तसाच ठेवा आणि हा फोन लेखात घाला. शब्दापेक्षा तो फोन मोलाचा आहे.

शुद्धलेखक: परका शब्द तसाच ठेवणं म्हणजे भाषांतरकाराने हात वर करणं.

कडबोळं: अहो, तिच्याच गावात दोन शब्द आहेत, मराठीत एक कुठून आणणार?

निफाडचा_नातू: आमच्या आजीकडे दाराला आडवी घालायचे त्यालाच अडसर म्हणायचे, टेकवायचे त्याला टेका. वेखंडताई, तुमचं आजोळ कुठलं?